नुसता आवाजच केला ना?

"तो बोलला काय, ते सांग," ठाणे अंमलदारांनी विचारलं.

"बोलला काही नाही. आधी शुकशुक केलं. मग मांजरासारखा आवाज काढला. बाकीचे सगळे हसले."

"म्हणजे नुसता आवाजच केला ना? मग तक्रार कसली लिहायची, बाळ?"

हा संवाद गेल्या पावसाळ्यातला. अकरावीतली एक मुलगी, तिची आई आणि मी अशा तिघी पोलीस ठाण्यात बसलो होतो. अंमलदार उर्मट नव्हते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहाचंही विचारलं. पण त्यांच्या पेनाला लिहिण्यासारखं काही सापडत नव्हतं. शिवी नाही, अंगाला हात नाही, चिठ्ठी नाही. तीन महिने रोज संध्याकाळी टपरीजवळ उभे असलेले पाच-सहा जण, एक आवाज, आणि त्यावरचं हसणं. त्या आवाजामुळे ही मुलगी क्लासला लांबच्या रस्त्याने जायला लागली. लांबच्या रस्त्याने घरी यायला उशीर होतो म्हणून वडील रागावले. उशीर का होतो हे कळल्यावर जास्तच रागावले, आणि म्हणाले, "क्लास बंद. कॉलेजला परीक्षेपुरतं जायचं." ज्यांनी आवाज काढला ते अजून टपरीवरच उभे होते. घरी बसण्याची वेळ आली ती हिच्यावर.

तेव्हापासून 'नुसता आवाज' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. आवाज नुसता असतो का? आणि तो नुसता वाटावा अशी सोय आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे का?

मराठीत या प्रकाराला शब्द कमी नाहीत. शुकशुक करणं, शीळ घालणं, शिट्टी मारणं, मुद्दाम खाकरणं, टोमणा मारणं, टिंगलटवाळी करणं, हुर्यो उडवणं. पण हे शब्द ओळीने लिहून पाहा. सगळे आवाज काढणाऱ्याच्या बाजूने आहेत. त्याने काय केलं ते सांगतात, आणि तेही जरा हसत हसत. जिच्यावर आवाज टाकला तिचं पुढे काय झालं, हे सांगणारा त्यात एकही नाही. 'छेड काढणं' म्हटलं की थट्टामस्करीच वाटते. तंबोऱ्याची तारही आपण छेडतोच. या पुरुषांना नावं दिली तीही किती लाडाची! सडकसख्याहरी, रोडरोमिओ. एक नाव कृष्णाचं आणि दुसरं शेक्सपिअरच्या नाटकातल्या प्रियकराचं. 'ईव्ह टीझिंग' या भारतीय इंग्रजी शब्दाने तर मोहात पाडणारी आदिस्त्री आधी उभी केली आणि मग तिची गंमत केली. बायकांचे गट गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की ही गंमत नाही, छळ आहे. तामिळनाडूत १९९८ साली यावर स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढे त्याच्या नावातलं 'ईव्ह टीझिंग' जाऊन तिथे 'स्त्रीचा छळ' असे शब्द आले. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र 'रोमिओंना चोप' हा मथळा अजून मोठ्या हौसेने दिला जातो.

या सगळ्या शब्दांत एक मात्र मला प्रामाणिक वाटतो. तो म्हणजे 'शेरा'. शेरा मारणं, शेरेबाजी करणं. शेरा हा मुळात दप्तरातला शब्द आहे. अर्ज टेबलावर येतो, साहेब वाचतात आणि कडेला शेरा मारतात: मंजूर, नामंजूर, चौकशी व्हावी. शेरा कोणीही मारू शकत नाही. त्यासाठी अधिकार लागतो. मग रस्त्याने जाणाऱ्या बाईवर कोणी शेरा मारतो तेव्हा तो काय धरून चालतो? की ती एक अर्ज आहे, तो साहेब आहे, आणि तिच्याबद्दल मत देण्याचा हक्क त्याला आहे. ते मत वाईट असो वा 'चांगलं'. "मी तर तारीफच केली" असं म्हणणाराही तेच धरून चालतो.

आमच्या त्या मुलीने 'मांजरासारखा आवाज' असं म्हटलं होतं. इंग्रजीत अशा आवाजाला, आणि एकूणच रस्त्यावरच्या अशा शेरेबाजीला, 'कॅटकॉल' म्हणतात. आता आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलीही हा शब्द सर्रास वापरतात. त्याची जन्मकथा या शेऱ्याच्या गोष्टीशी जुळते, म्हणून सांगते.

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये कॅटकॉल ही एक वस्तू होती. भांडणाऱ्या मांजरासारखा कर्कश आवाज काढणारी छोटी शिट्टी. ती बाजारात विकत मिळे. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅम्युअल पीप्सने १६६० च्या मार्च महिन्यात अशी एक शिट्टी विकत घेतल्याची नोंद केली आहे. पुढे या शिट्ट्या नाटकगृहात चांगल्याच माजल्या. नाटक पसंत पडलं नाही, नट आवडला नाही, की प्रेक्षक शिट्ट्या फुंकून प्रयोग हाणून पाडत. १७१२ साली जोसेफ ॲडिसनने 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात या शिट्टीवर एक आख्खा विनोदी निबंध लिहिला, इतका तिचा सुळसुळाट होता. पुढे शिट्टी मागे पडली आणि तोंडाने काढलेल्या आवाजालाच तेच नाव चिकटलं. आणि विसाव्या शतकात तो शब्द नाटकगृहातून रस्त्यावर उतरला. रंगमंचावरच्या नटाला उद्देशून असलेला आवाज आता रस्त्याने चाललेल्या बाईला उद्देशून झाला.

शब्दाचा हा प्रवास पाहिला की मला त्या टपरीचा अर्थ लागतो. नाटकगृहात हुर्यो उडवणारा म्हणतो, तू माझ्यासमोर उभा आहेस, मी पाहतो आहे, निकाल मी देणार. रस्त्यावरचा आवाजही हेच म्हणतो. फरक इतकाच की नट आपण होऊन रंगमंचावर आलेला असतो. ही मुलगी क्लासला निघालेली असते. तिने पडदा उघडलेला नाही. तिच्या पायाखालचा रस्ता कोणीतरी परस्पर रंगमंच करून टाकतो आणि टपरीचं कठडं म्हणजे प्रेक्षकांची पहिली रांग होते.

आपल्याकडे हे नवं नाही. सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या तेव्हा पुण्याने त्यांच्यावर चिखल-शेणाचे गोळे टाकले, हे आपण सगळ्या जाणतो. त्यासोबत तोंडाचा मारा होताच. आनंदीबाई जोशी वैद्यकीचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला निघाल्या, त्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला भाषण केलं. पायी शाळेत जाताना लोक भोवती जमत, खदखदा हसत, ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसं शेरे मारत आणि खडे टाकत, दुकानदार थुंकत आणि अश्लील हावभाव करत, असं त्यांनी त्यात उघड सांगितलं. तेव्हा त्यांचं वय अठराच्याही आत होतं. म्हणजे हा आवाज 'आजकालच्या कपड्यां'मुळे येत नाही. नऊवारी लुगड्यातल्या विद्यार्थिनीलाही तो ऐकावा लागला आहे. बाई आपल्या कामासाठी, आपल्या पायांनी बाहेर पडली की तो येतो.

ही नाटकगृहाची गोष्ट मी आमच्या वस्तीतल्या मुलींच्या गटात सांगितली. मुलींना ती फार आवडली. एकजण तावातावाने म्हणाली, "बरोबर आहे ताई! आम्ही काय तमाशातल्या बायका आहोत का, शिट्ट्या मारायला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "म्हणजे तमाशातल्या बाईला चालतं होय?" त्यांची आई फडात नाचत असे, हे गटातल्या दोघी-तिघींनाच माहीत होतं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "लावणीला शिट्टी पडली तर ती कलेला असते. आईला त्याचं काही वाटायचं नाही. पण खेळ संपला, तोंड धुतलं, साधं पातळ नेसून ती दुकानात मीठ आणायला गेली, तरी तीच शिट्टी. मग ती शिट्टी कशाला होती? तिकीट नाचाचं काढलं होतं ना?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मावशींनी आमच्या बोलण्यातली चूक नेमकी पकडली होती. आपण सगळ्या नकळत एकच बचाव करत असतो: मी तसली नाही. मी क्लासला चालले होते. मी अंगभर कपडे घातले होते. मी मान खाली घालून जात होते. प्रत्येक वाक्यात आपण निकाल देणाऱ्याचा अधिकार मान्य करतो आणि फक्त म्हणतो की माझ्याबाबत निकाल चुकला. आणि प्रत्येक वाक्यात आपण दुसऱ्या कोणत्या तरी बाईला त्याच्या हवाली करतो. ती बहुधा खालच्या मानलेल्या जातीची असते, फडातली असते, रात्रपाळी करून येणारी असते, किंवा काहीच काम नसताना चौकात उभी राहिलेली असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावरावर 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ साली लिहिलं. बाईला रस्त्यावर कायम काहीतरी काम असल्याचं दाखवत राहावं लागतं, आणि बिनकामाचं रेंगाळण्याचा हक्क मिळाल्याशिवाय शहर तिचं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. टपरीवरच्या त्या पाच-सहा जणांना तिथे तीन महिने काय काम होतं, हे कोणीच विचारलं नाही, अंमलदारांनीही नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

आता कायद्याकडे येऊ. अंमलदारांचं 'नुसता आवाज' हे म्हणणं कायद्याला धरून नव्हतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०९ मध्ये शब्द, आवाज आणि हावभाव हे तिन्ही स्पष्ट लिहिलेले होते. बाईच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने, तिला ऐकू जावा म्हणून काढलेला आवाज हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तेच कलम तिथे ७९ व्या क्रमांकावर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी २०१३ च्या दुरुस्तीने वेगळा गुन्हा ठरली. आता ती न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये आहे. तेव्हा मैत्रिणींनो, ठाण्यात जाताना हे दोन आकडे लक्षात ठेवा, आणि तक्रारीत 'छेड काढली' एवढंच लिहू नका. आवाज कसा होता, किती वाजता, कुठे, किती दिवस, त्यानंतर कोण हसलं, हे जसंच्या तसं लिहा. 'शुकशुक' हा शब्द कागदावर उमटला पाहिजे. तो लिहायला आपल्यालाच ओशाळं वाटतं, आणि त्या ओशाळेपणावरच 'नुसता आवाज' तगून राहतो.

पण त्याच कलमातला दुसरा शब्द मला टोचतो: विनयशीलता. कायदा म्हणत नाही की बाईच्या चालण्याच्या हक्कावर घाला आला. तो म्हणतो तिच्या विनयाचा अपमान झाला. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, मावशींच्या आईकडे तो विनय होता असं कोर्ट मानेल का? कायदा आपल्याला आवाजाविरुद्ध हत्यार देतो आणि त्याच वेळी 'मी तसली नाही' असं सिद्ध करण्याच्या रांगेत उभं करतो. ते हत्यार वापरायचं, पण ती रांग मान्य नाही असंही म्हणत राहायचं, असं दुहेरी काम आपल्याला करावं लागेल.

याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आवाजाला 'बाईच्या अब्रूवरचा घाला' म्हटलं की अब्रूचे राखणदार धावून येतात, आणि ते कोणाच्या अंगावर धावून जातात हे जात आणि रंग पाहून ठरतं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात ऑगस्ट १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला घरातून उचलून नेऊन ठार मारण्यात आलं. त्याने गोऱ्या बाईकडे पाहून शिट्टी मारली, असा आरोप होता. सगळ्या गोऱ्या पुरुष पंचांनी मारेकऱ्यांना निर्दोष सोडलं, आणि सुटल्यावर त्या दोघांनी एका मासिकाकडे खुनाची कबुली दिली. इतक्या दूर जायलाही नको. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. तथाकथित वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, एवढा संशय पुरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची सुटका केली. दोन्ही ठिकाणी कारण बाईचं सांगितलं गेलं आणि राखली गेली ती पुरुषांची मालकी. उत्तर प्रदेशात २०१७ मध्ये 'अँटी-रोमिओ' पथकं निघाली तेव्हा एकत्र फिरणाऱ्या, एकमेकांच्या संमतीने भेटणाऱ्या जोडप्यांनाही त्यांनी अडवलं. मुलीचा छळ थांबवणं आणि मुलीवर पहारा बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मोर्च्याच्या घोषणांतही हा फरक कळला पाहिजे.

कोणी म्हणेल, देशात बायका जाळल्या जातात, बलात्कार होतात, आणि तुम्ही शुकशुक घेऊन बसलात? हा प्रश्न आमच्या एका जुन्या कार्यकर्तीनेच मला विचारला. माझं उत्तर असं. हिंसेच्या मोठ्या घटना वर्तमानपत्रात येतात, पण मुलींची शाळा सुटते ती बहुतेक वेळा अशा न आलेल्या बातम्यांमुळे. मराठीत ओस पडलेल्या जागेला आपण 'शुकशुकाट' म्हणतो. दोन शब्दांची व्युत्पत्ती काय असेल ती असो, पण ज्या रस्त्यावर रोज शुकशुक होतं, तिथे संध्याकाळी सातनंतर बायकांपुरता शुकशुकाटच असतो. त्याला कोणी संचारबंदी म्हणत नाही, कारण ती जारी केल्याचा हुकूम कुठे लिहिलेला नसतो.

आमच्या त्या मुलीचं काय झालं, ते सांगते. अंमलदारांना आम्ही कलम दाखवलं. त्यांनी ते वाचलं, आवाज हा शब्द दोनदा वाचला आणि तक्रार लिहून घेतली. दोन पोलीस टपरीवर जाऊन आले. आठ दिवस सामसूम होती, नंतर आवाज पुन्हा सुरू झाला, थोडा हळू. मग गटातल्या आम्ही दहा-बाराजणी रोज संध्याकाळी साडेसहाला त्याच टपरीवर चहाला जाऊ लागलो. घोषणा नाहीत, फलक नाहीत. नुसतं उभं राहायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, अर्धा तास रेंगाळायचं. पहिल्या दिवशी टपरीवाल्याने विचारलं, "काही कार्यक्रम आहे का, ताई?" मावशी म्हणाल्या, "काही नाही. बसायला आलोय." तिसऱ्या आठवड्यात त्या पोरांपैकी दोघेजण दुसरीकडे जायला लागले. एकजण अजून येतो, पण गप्प असतो.

मुलीचा क्लास सुरू झाला आहे. वडिलांचं मन पूर्ण वळलेलं नाही. ते तिला न्यायला येतात. ते टपरीजवळ आले की तिला बाजूला घेऊन भरभर चालतात, आणि ती हळू चालायचा प्रयत्न करते. आमचं काम अजून तिथेच आहे.

शेवटी एक विनंती. तुमच्या भागात या आवाजाला काय म्हणतात? कोकणात, खानदेशात, विदर्भात, गोव्यात, एसटी स्टँडवर, उसाच्या फडात, सूतगिरणीच्या दारात? आणि त्याहून महत्त्वाचं, ज्या बाईवर तो टाकला जातो ती स्वतः त्याला काय म्हणते? तिच्या बाजूचा एखादा शब्द कुठल्या तरी वस्तीत, कुठल्या तरी आजीच्या तोंडी नक्की असेल. तो कळवा. पुढच्या अंकात आपण ते शब्द एकत्र छापू.